इझीबूट क्लाउड: लॅमिनायटिसच्या घोड्याला बूट हवाच, पण कानस आधी

इझीकेअर कंपनीचा ‘इझीबूट क्लाउड’ हा घोड्याचा बूट स्वारीसाठी नाही. खूर दुखत असल्याने तबेल्यात किंवा लहान पॅडॉकमध्येच (कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत) ठेवलेल्या घोड्यासाठी तो आहे. सोबत सुमारे एक इंच जाडीचा ईव्हीए (फोमसारख्या मऊ प्लास्टिकचा) पॅड येतो, आणि खरं काम तोच करतो. तळवा पातळ झालेला घोडा कडक जमिनीवर पाऊल टाकायला तयार नसतो. पॅड आला की वजन फ्रॉगवर (तळव्यावरच्या त्रिकोणी लवचीक गादीवर) आणि खुराच्या मागच्या भागावर पसरतं, आणि बहुतेक घोडे लवकरच मोकळे चालू लागतात. गोची इथेच होते. चाल सुधारली म्हणजे खूर सुधारला असं समजून ट्रिमिंग, म्हणजे वाढलेला खूर कापून-घासून आकारात आणणं, पुढे ढकललं जातं.

लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे खुराच्या आतल्या थराच्या दाहात, खुराची भिंत आणि आतलं कॉफिन बोन यांना धरून ठेवणारी पकड सैल होते. मागून स्नायूबंध हाडाला ओढत असतो आणि पुढून लांबलेलं टोक प्रत्येक पावलाला भिंत उचकटत असतं. त्यामुळे हाडाचं टोक तळव्याकडे झुकतं. पॅडमुळे दुखणं कमी होतं, उचकटणं थांबत नाही. ते कानशीनेच थांबतं.

म्हणून बूट मागवण्याआधी बाजूने एक्स-रे काढा. पाय ठोकळ्यावर सपाट ठेवून पुढच्या भिंतीवर बारीक तार चिकटवली की भिंत कुठे आणि हाड कुठे हे स्पष्ट दिसतं. हाडाच्या टोकाखाली तळवा 15 मिमी किंवा जास्त असेल तर काम निर्धास्त करता येतं. 10 मिमीच्या खाली असेल तर तळव्याला चाकू लावायचाच नाही. हाडाच्या खालच्या कडेचा जमिनीशी कोन साधारण 3 ते 8 अंश असावा. तो बराच वाढला असेल तर टाच उतरवायची, पण फक्त मागच्या बाजूने. खुराच्या सर्वांत रुंद भागाशी पोचेपर्यंत कानशीचा घास शून्यावर आला पाहिजे. एका बैठकीत दोन-तीन मिमी पुरेत. टाच एकदम खाली आणली तर स्नायूबंधावर ताण वाढतो आणि घोडा आधीपेक्षा जास्त लंगडतो. थोडं काढा, चालवून बघा, मग ठरवा.

टोकाचं काम पुढून. केसांच्या रेषेखालची दोन-तीन सेंटीमीटर नवी वाढ ज्या कोनात उतरते तीच रेघ खालपर्यंत धरून बाहेर वळलेला भाग कानशीने मागे आणायचा, आणि जमिनीजवळ कडेला उतार द्यायचा. भिंत आणि तळवा यांच्यामधली रुंदावलेली पांढरी रेघ दिसेल, ती कोरत बसू नका. सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते फ्रॉगच्या टोकापुढचा फुगलेला तळवा ‘छान खोलगट’ करण्याच्या हौसेने. तो फुगवटा जादा मांस नाही, त्याच्या अगदी वर हाड आहे.

माप ट्रिमिंग झाल्यावर त्याच दिवशी घ्या: टोकापासून टाचेच्या आधारापर्यंत लांबी, आणि सर्वांत रुंद जागी रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आधीच्या लांबलेल्या खुराचं माप दिलं तर बूट पायात फिरतो. पुढे काही महिन्यांत खूर आखूड होत गेला की हाच बूट सैल वाटेल. त्यासाठी गुण कापू नयेत.

गुण कापायचे तर ओलाव्यासाठी, आणि ते जवळजवळ प्रत्येक बुटाला लागू आहेत. रोज काढून खूर कोरडा केला नाही तर फ्रॉग कुजायला लागतो, वास आधी येतो. टाचेच्या गोलाव्यावर घासण्याच्या खुणा बघा, लागल्यास पातळ मोजा घाला. पॅड काढल्यावर त्यावरचा ठसाही वाचा. टोकाखालीच खोल दबला असेल तर वजन अजून पुढे पडतंय. आणि पॅडच्या पुढच्या कडेला तासून उतार द्या, नाहीतर कमी केलेलं टोक बुटाने परत लांबवल्यासारखं होतं.

ट्रिम करताना ज्या पायावर घोडा उभा आहे त्या पायाखाली हाच पॅड किंवा जाड फोम ठेवा, आणि पाय मिनिटा-दोन मिनिटांत खाली सोडत राहा. ही सवलत न देणारा नालबंद कितीही हुशार असो, या कामाचा नाही.

वेळेचा हिशेब आधीच करा. पुढची भिंत महिन्याला साधारण 8 ते 10 मिमी वाढते, म्हणजे वरून जमिनीपर्यंत नवं खूर यायला 9 ते 12 महिने. दर चार आठवड्यांनी थोडं थोडं ट्रिम. गवतात साखर आणि स्टार्च मिळून 10 टक्क्यांच्या आत ठेवलं नाही, घोड्याच्या रक्तातलं इन्सुलिन तपासलं नाही, तर नवी भिंतही सुटत जाते आणि दोष बिचाऱ्या नालबंदावर येतो. मधेच एखादा पाय अचानक टेकवेनासा झाला तर बहुधा गळू असतं. बूट उतरवून पशुवैद्यांना बोलवा.

लॅमिनायटिसच्या अगदी ताज्या झटक्यात पहिले 48 ते 72 तास खूर सलग बर्फात ठेवण्याचे. त्या वेळी हा बूट बाजूलाच ठेवा. केसांच्या रेषेवर बोटाला खळगा लागत असेल तर ट्रिम-बूट सगळं सोडून त्याच दिवशी पशुवैद्य. बूट बंद करण्याची वेळ तारखेने ठरत नाही: घोडा मऊ जमिनीवर बुटाशिवाय टाच आधी टेकवत चालू लागला, की तिथून रोज थोडा थोडा वेळ काढून ठेवायला हरकत नाही.