व्हीओटू मॅक्स चाचणी : पैसे नेमके कशाचे?

आधी किमतीचं सांगते, कारण मला येणारा पहिला प्रश्न तोच असतो. पुण्यातल्या एका खासगी स्पोर्ट्स सायन्स लॅबमध्ये मी व्हीओटू मॅक्सची, म्हणजे पूर्ण दमेपर्यंत पळताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरतं याची, चाचणी करून घेतली, तिचे साडेचार हजार रुपये झाले. रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या मेहनतीत स्नायूंतून रक्तात उतरणारा पदार्थ) मोजायचं असेल तर आठशे वेगळे. म्हणजे आमच्या शाळेला दोन वर्षांत चेंडू, दोऱ्या, शिट्ट्या आणि चुन्याची फक्की यासाठी मिळतात त्याहून थोडे जास्तच. लॅबचं नाव लिहीत नाही. जे खटकलं ते तिथेच तोंडावर सांगून आले आहे, आणि अशा लॅब आता मोठ्या शहरांत बऱ्याच निघाल्यात. यंत्रं आणि पद्धत सगळीकडे साधारण तीच, त्यामुळे हे कुठेही लागू पडेल.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत पीटीची बाई. वय ४४, वजन ५८ किलो, कॉलेजात असताना खो-खो, आता रविवारी यवतेश्वरचा घाट. बी.पी.एड.ला आम्ही दमसास मोजायला हार्वर्ड स्टेप टेस्ट करायचो. हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीतून १९४३ साली आलेली ही चाचणी : २० इंच उंचीचं बाकडं, मिनिटाला ३० वेळा चढ-उतार, पाच मिनिटं, मग नाडी मोजायची. मुलींसाठी बाकडं कमी उंचीचं हवं, पण आमच्याकडे सुताराने केलेलं एकच होतं, ते सगळ्यांना. ठेंगण्या मुली तिसऱ्या मिनिटाला गुडघ्यातून जायच्या आणि वहीत 'कमी क्षमता' अशी नोंद व्हायची. तेव्हापासून मला खरोखरचं यंत्र एकदा पाहायचं होतं. श्वासातला प्राणवायू थेट मोजणारं.

यंत्र काय करतं ते सरळ आहे. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९३ टक्के असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो साधारण सोळा-सतरा टक्के उरतो. दर मिनिटाला किती हवा बाहेर पडली आणि तिच्यात प्राणवायू किती घटला हे कळलं की शरीराने किती वापरला ते निघतं. पळण्याचा वेग वाढवत नेला की हा वापरही वाढतो आणि एका जागी येऊन थांबतो. वेग वाढतो, वापर वाढत नाही. ती जागा म्हणजे व्हीओटू मॅक्स. ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२३ च्या सुमारास हे मांडलं, तेही सोडलेला श्वास गोळा करायची पिशवी पाठीवर बांधून स्वतः गवतावर पळून. लॅबच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. छान वाटलं. मात्र लोणावळा तिथून तासाभरावर. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगावर संशोधन करणारी संस्था काढली, उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटातला दाब मोजला, एक्स-रे काढले आणि ते सगळं संस्थेच्या 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. त्यांचा फोटो का नाही, असं विचारलं तर लॅबमध्ये चाचणी घेणाऱ्या पोराने "कोण, मॅडम?" असं विचारलं. याचे गुण कापत नाही, पण लिहून ठेवते.

पोरगा कामात मात्र पक्का. पंचविशीचा असेल, स्पोर्ट्स सायन्समध्ये एम.एस्सी. मी म्हटलं, कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय का याची जुळवणी, माझ्यासमोर कर. त्याने तोंड वाकडं केलं नाही. तीन लिटरची मोठी सिरिंज यंत्राला लावून सात-आठ वेळा दट्ट्या मागे-पुढे केला, आकडा तीन लिटरच्या जवळ येतो का ते दाखवलं. मग सिलिंडरमधल्या ठरावीक मिश्रणाचा वायू सोडून प्राणवायूचा सेन्सर जुळवला. कुठल्याही लॅबमध्ये जा, हे मागून घ्या. जो "सकाळीच केलंय" म्हणून टाळतो त्याच्याकडे पैसे द्यायच्या आधी दोनदा विचार करा, कारण पुढचे सगळे आकडे या पाच मिनिटांवर उभे असतात.

आता खटकलेलं. आरोग्याची प्रश्नावली इंग्रजीत. छातीत दुखतं का, चक्कर येते का, सांध्याचा त्रास आहे का, असे सात प्रश्न असतात, आणि चाळिशीपुढच्या माणसाला पूर्ण दमेपर्यंत पळवायचं तर तोच कागद सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या पुढे एक गृहस्थ होते, मुलाने मॅरेथॉनचं खूळ भरवलेले, त्यांनी न वाचता सही ठोकली आणि कुणी अडवलं नाही. पुण्यात बसून मराठीत एक पान छापता येत नसेल तर हिल साहेबांची फ्रेम उतरवा आणि तिथे ते पान लावा, असं मी म्हटलं. रक्तदाब मात्र सगळ्यांचा घेतला, हे खरं.

दुसरं, हृदयगतीचा पट्टा छातीवर, आतल्या कपड्याच्या खाली बसवावा लागतो. कपडे बदलायला जागा म्हणजे पडदा लावलेला कोपरा, आणि त्या दिवशी लॅबमध्ये एकही बाई नव्हती. मी खेळात वाढलेली, मला चाललं. पण आमच्या गावाकडची एखादी ताई तिथूनच परत फिरली असती. मास्कही दोनच मापांचे. मोठा माझ्या हनुवटीपाशी फुंकत होता. लहान बसला, पण पट्टे इतके आवळावे लागले की संध्याकाळपर्यंत गालावर वळ होते. फट राहिली तर हवा निसटते आणि आकडा कमी दाखवतो, त्यामुळे आवळण्यात कसर नको, वळ पत्करले. मास्कवर हात दाबून जोरात फुंकर मारून बघा, कुठून हवा जाते ते लगेच कळतं.

प्रत्यक्ष पळणं दहा मिनिटांचं. उतार एक टक्का ठेवतात, बाहेर वाऱ्याला छेदत पळताना जी जास्त ताकद लागते तिची भरपाई म्हणून. सुरुवात ताशी सहा किलोमीटर, दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढ. पहिली चार-पाच मिनिटं मी समोरच्या भिंतीवरचे फोटो बघत होते. आठव्यानंतर फोटो दिसेनासे झाले. बोलता येत नाही, म्हणून समोर बोर्गचा तक्ता धरतात, ६ ते २० आकड्यांचा, त्यावर बोट ठेवायचं : किती जड वाटतंय. मी १७ वर बोट ठेवलं तेव्हा पोरगा ओरडला, "ताई, अजून एक मिनिट!" मॅडमची ताई झाले ते तिथे. दहाव्या मिनिटाला, साडेदहाच्या वेगाला, मी कठडा धरला. मुलांना "शेवटच्या फेरीत दम टाकायचा नाही" असं ओरडणाऱ्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने हे एकदा करावं. नुसत्या त्या दहाव्या मिनिटासाठी.

बोटाला टोचून लॅक्टेट घेतलं, ८.६ आलं. ते आठच्या वर असलं की माणसाने खरंच जीव तोडून पळून घेतलंय असं साधारण धरतात. ते आठशे रुपये तुम्ही वाचवू शकता, कारण तीच गोष्ट श्वासावरून जवळजवळ कळते. सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला प्राणवायू, असा एक भागाकार अहवालात असतो. नुसती चरबी जळत असेल तर तो ०.७, नुसती कर्बोदकं असतील तर १.०, आणि अगदी टोकाला पोचलात की एकच्या वर जातो. माझा १.१४ होता. तुमचा १.१० च्याही खाली असेल तर तुम्ही आधीच थांबलात, आणि मिळालेला आकडा तुमचा कमाल आकडा नाही. अहवाल हातात आला की आधी ही ओळ शोधा.

माझा आकडा : मिनिटाला २.२६ लिटर प्राणवायू, म्हणजे किलोमागे ३९ मिलीलीटर. पहिल्याच पानावर मोठ्या हिरव्या गोलात. शेजारी 'चांगला' असा शिक्का. आता, हे असे वयोगटांचे तक्ते बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये तपासलेल्या लोकांवरून केलेले असतात. साताऱ्याच्या बाईने डॅलसच्या बाईपुढे कितवा नंबर काढला, याचं मी काय करू? हिरवा गोल मला काही सांगत नाही. तिकडे माझं मनगटी घड्याळ मला ४३ देत होतं, म्हणजे चार गुण कृपेचे. आणि शाळेच्या मैदानावर बारा मिनिटांत मी २१०० मीटर पळाले होते. ती इन्स्टिट्यूट काढणाऱ्या कूपर यांच्या १९६८ च्या सूत्राने, म्हणजे मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं, तर ३५.७ येतात. फुकटच्या चाचणीत आणि साडेचार हजारांच्या चाचणीत साधारण सव्वातीनचा फरक. नुसता आकडा हवा असेल तर मैदानावर बारा मिनिटं पळा आणि घरी जा.

मग पैसे कशाचे? तिसऱ्या पानाचे. तिथे हृदयगती आणि प्राणवायू यांचा मिनिटामिनिटाचा तक्ता असतो. माझी कमाल हृदयगती १८७ निघाली. २२० वजा वय या सूत्राने ती १७६ यायला हवी, आणि २००१ मध्ये आलेलं सुधारित सूत्र, २०८ वजा वयाच्या सात दशांश, तेही १७७ च देतं. सूत्रं खोटी नाहीत, पण ती सरासरी सांगतात, आणि एकेका माणसाचा आकडा त्यापासून दहा-बारा ठोके सहज इकडे-तिकडे असतो. घड्याळ असल्याच सूत्रावर माझ्या व्यायामाचे सोपा-जड असे हृदयगतीचे टप्पे पाडत होतं. म्हणून तर सोप्या पळण्यालाही ते "वेग कमी करा" म्हणून मनगटावर थरथरायचं. लॅबच्या तक्त्यात माझा पहिला उंबरठा, म्हणजे जिथून श्वास जाणवेल इतका वाढायला लागतो, तो १४८ वर आहे, आणि दुसरा, जिथून पुढे फार वेळ तग धरता येत नाही, तो १७१ वर. आता घाट चढताना मी १७० च्या खाली राहते आणि वर पोचेपर्यंत बोलू शकते. हे दोन आकडे कुठल्याही सूत्रातून मिळाले नसते. साडेचार हजार या दोन आकड्यांचे, असं मी धरलं, आणि मला ते पटले.

गंमत म्हणजे लॅबवाले हेच पान उघडत नाहीत. हिरवा गोल दाखवतात आणि लगेच बारा आठवड्यांचं पॅकेज. आहारतज्ज्ञ, ऑनलाइन प्रशिक्षक, दर महिन्याला पुन्हा चाचणी. मॅनेजर म्हणाले, "महिन्याभरात बघा, आकडा किती वाढतो." मी विचारलं, तुमच्या यंत्राची स्वतःची चूक किती? आज आणि उद्या तीच बाई पळवली तर किती फरक येतो? त्यावर त्यांनी मला माहितीपत्रक दिलं. महिन्याभरात माझा आकडा ३९ चा ४० झाला, तर तो माझ्या मेहनतीने झाला की मास्क जरा घट्ट बसल्याने, हे त्यांना सांगता येत नसेल तर दर महिन्याला पैसे कशाला द्यायचे? वर्षातून एकदा, फार तर दोनदा, पुरे.

मिनिटामिनिटाची कच्ची आकडेवारी एक्सेलमध्ये मागितली तर आधी "आम्ही फक्त पीडीएफ देतो" असं उत्तर. पोराने हळूच सांगितलं, ईमेल करा. केली, दुसऱ्या दिवशी आली. एम.पी.एड. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांनी तर हे आधी लेखी ठरवल्याशिवाय एकही खेळाडू तिथे नेऊ नये. नुसत्या गोलावर प्रबंध होत नाही.

शाळेच्या मुलींना न्यावं का, असं माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं. नको. आमच्या कबड्डीच्या बारा मुलींचे पैसे जोडले तर त्यात मॅट येईल, जुनी का होईना. आणि कबड्डीत सरळ ट्रेडमिलवर पळायचंच नसतं. त्यापेक्षा वीस मीटरची शटल, ज्याला सगळे बीप टेस्ट म्हणतात. माँट्रियलच्या ल्यूक लेजे यांनी १९८२ मध्ये बसवलेली. वीस मीटरवर दोन रेघा मारायच्या, ताशी ८.५ किलोमीटरने सुरू करायचं, दर मिनिटाला अर्धा किलोमीटर वाढ, बीपच्या आत रेघेला पाय लागला पाहिजे. वळणं आहेत, थांबणं आहे, पुन्हा वेग घेणं आहे, कबड्डीला हे जवळचं. ६०० मीटरची धाव आपण शाळेत घेतोच, पण त्यात पहिल्या दोनशेत उधळणारी पोरं शेवटी चालतात आणि आपण मोजतो ते त्यांचं वेगाचं गणित, दमसास नाही. शटलमध्ये वेग बीप ठरवते. खर्च : चुना आणि एक स्पीकर. फक्त वीस मीटर फीतीने मोजा, पावलांनी नको, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या मैदानावर अजिबात नको.

एकूण लॅबला पाचपैकी साडेतीन. पोराला पाच, पडद्याच्या कोपऱ्याला शून्य, तिसऱ्या पानाला साडेचार, पॅकेजला काहीच नाही.

जायचंच असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, यंत्र तेव्हा ताजं कॅलिब्रेट केलेलं असतं आणि खोलीही गार असते. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको, दोन-तीन तास आधी हलकं खाऊन घ्या, चहा-कॉफी टाळा. रोजचेच बूट घाला, नवे नकोत. बाई तंत्रज्ञ हवी असेल तर फोनवर आधी सांगा आणि नाव विचारून ठेवा. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच जा, लॅबने मागितली नाही तरी. आणि एस.टी.ने जाणाऱ्यांसाठी : परतीची गाडी लगेचची धरू नका, पायऱ्या उतरताना मांड्या लटपटतात.