फर्नेस, वारा आणि भिंतीतले पाइप: कॅलगरीतील एका हिवाळ्याचा अनुभव

कॅनडातल्या कॅलगरीतील आमच्या घरात गेल्या ऑक्टोबरमध्ये नवी गॅस फर्नेस, म्हणजे अख्खे घर गरम ठेवणारे यंत्र, बसवली, तेव्हाच तिच्याविषयी लिहिणार होतो. परंतु एक अख्खा हिवाळा काढल्याशिवाय फर्नेसला चांगले किंवा वाईट म्हणू नये, असे शेजारच्या आजोबांनी सुचवले आणि मी थांबलो, हे बरे झाले. आता एप्रिल उजाडला आहे आणि या सहा महिन्यांत मला फर्नेसपेक्षा वाऱ्याविषयीच अधिक कळले आहे.

जुनी फर्नेस गरम धूर छतावरच्या चिमणीतून सोडत असे. नवी ९६ टक्के कार्यक्षमतेची आणि दोन टप्प्यांवर, म्हणजे गरजेनुसार कमी किंवा पूर्ण आचेवर, चालणारी आहे. ती धुरातील वाफेचेही पाणी करून त्यातली उष्णता काढून घेते, त्यामुळे उरलेला वायू इतका निवतो की तो प्लॅस्टिकच्या पाइपने बाजूच्या भिंतीतून बाहेर सोडता येतो. गॅसच्या बिलात फरक पडला, आवाज कमी झाला, खोल्यांचे तापमान स्थिर राहू लागले. याबद्दल तक्रार नाही. मात्र चिमणीचे तोंड छतावर होते, आणि या पाइपचे तोंड पश्चिमेच्या भिंतीत, वाऱ्याच्या ऐन वाटेत आले.

पश्चिमेचा वारा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. रॉकी पर्वत ओलांडून उतरताना तापणारा ‘चिनूक’ काही तासांत तापमान उणे १५ वरून शून्याच्या वर नेतो आणि त्याचे झोत घराच्या खिडक्या हलवतात. त्या दिवसांत फर्नेसला फारसे कामच नसते. खरी अडचण चिनूक ओसरून वायव्येकडून थंड लाट आत शिरते तेव्हा होते, कारण त्या रात्री वारा आणि गारठा दोन्ही एकदम येतात.

जानेवारीत अशाच एका रात्री दोन वाजता घर थंड पडल्यामुळे जाग आली. थर्मोस्टॅट उष्णता मागत होता, बेसमेंटमध्ये छोटा पंखा फिरत होता, पण ज्योत पेटत नव्हती आणि नियंत्रण फलकावरचा दिवा थांबून थांबून तीनदा लुकलुकत होता. माहितीपुस्तिकेनुसार त्याचा अर्थ ‘दाबाचा स्विच जुळत नाही’ असा होता. फर्नेस सुरू होताना हा पंखा आधी धुराच्या मार्गातील हवा बाहेर ओढू लागतो. त्याने पुरेसा दाबफरक निर्माण केला आहे, अशी स्विचची खात्री पटली तरच गॅस सुटतो. हा दाबफरक फार तर पाण्याच्या इंचभर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. ताशी ८० कि.मी. वेगाचा वारा भिंतीवर सरळ आदळला, तर साधारण तेवढाच दाब उलट दिशेने पाइपच्या तोंडावर येतो. शिवाय वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून ताशी ४० कि.मी.च्या वाऱ्यात निमूट चालणारी फर्नेस ८० च्या झोतात अडून बसते. काही प्रयत्न फसल्यावर ती तासभर स्वतःला बंद करून घेते. ही सुरक्षिततेची सोय आहे, बिघाड नाही, हे पहाटे चार वाजता पटवून घेणे मात्र कठीण गेले.

बसवणाऱ्यांनी आधी यंत्रच सदोष असल्याचे सांगून स्विच बदलला. पुढच्या वाऱ्यात तेच झाले. नंतर बोलावलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने बाहेर जाऊन भिंत पाहिली आणि दोन मिनिटांत कारण सांगितले: बाहेर केवळ धुराचा पाइप काढला होता, जळणासाठी लागणारी हवा बेसमेंटमधूनच घेतली जात होती. हवा घेणारा आणि धूर सोडणारा, असे दोन्ही पाइप एकाच भिंतीवर एकमेकांच्या जवळ असले तर वाऱ्याचा दाब दोघांवरही सारखाच पडतो आणि स्विचवर त्याचा परिणाम होत नाही. आमच्याकडे दाब एकाच टोकावर येत होता.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती अधिक गंभीर होती. जुनी फर्नेस गेल्यावर मोठ्या चिमणीवर एकटा गॅसवरचा गिझर उरला होता. त्याच्या थोडक्या धुराने ती चिमणी नीट तापत नाही, वर बेसमेंटमधली हवा फर्नेस ओढते. देवघरातली उदबत्ती गिझरच्या वरच्या झाकणीजवळ धरून पाहिली. एरवी धूर आत ओढला जायला हवा, पण स्वयंपाकघरात फोडणीसाठी पंखा पूर्ण वेगाने लावताच आणि बाहेर झोत येताच धूर खोलीत उलटला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म शांत होता, तरी त्या दिवसानंतर बेसमेंटमध्ये दुसरा अलार्म लावला आणि चिमणीत कमी रुंदीची नळी घालून घेतली.

फेब्रुवारीत धुराचा पाइप दक्षिणेच्या, तुलनेने आडोशाच्या भिंतीवर हलवला आणि हवेचा पाइपही तिथूनच बाहेर काढला. हवेच्या पाइपचे तोंड खाली वळवले आणि बर्फाचे ढीग तिथवर पोचू नयेत इतके वर घेतले. त्यानंतर फर्नेस एकदाही अडली नाही. धुराच्या तोंडाशी बर्फाची दाढी धरते, तेवढी सकाळी झाडूने पाडावी लागते.

वाऱ्याचा दुसरा परिणाम फर्नेसवर नव्हे, घरावर होतो. बातम्यांत सांगतात तो ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारा जास्तीचा गारठा, माणसाच्या कातडीसाठी असतो. भिंत त्यामुळे हवेच्या तापमानाखाली जात नाही. परंतु फटींतून आत शिरणारी हवा वाऱ्याबरोबर वाढते. शांत रात्री उणे २२ ला आमची फर्नेस पहिल्याच टप्प्यावर भागवते, आणि सोसाट्याच्या रात्री उणे १२ लाच दुसरा टप्पा सुरू होतो. तीच उदबत्ती घेऊन आईने पश्चिमेच्या भिंतीवरील विजेच्या सॉकेटपाशी आणि पोटमाळ्याच्या झाकणाशी धूर हलताना पकडला. त्या फटी बुजवण्याचा खर्च पाइपांच्या खर्चापुढे नगण्य होता.

यंत्र पुन्हा घ्यायचे झाले तर हेच घेईन. मात्र या वेळी करारावर सही करण्यापूर्वी बसवणाऱ्याला घराभोवती एक फेरी मारायला लावेन आणि दोन्ही पाइप कोणत्या भिंतीतून निघणार, हे त्याच्याकडून लिहून घेईन.