आयआरएसची थकबाकी: हप्ते बांधावेत की तडजोड करावी?

न्यू जर्सीतल्या एका मित्राकडे आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचा, फेडरल कर थकलाय. हप्ते बांधून घ्यावेत की 'ऑफर इन कॉम्प्रमाइज' म्हणजे तडजोडीचा अर्ज भरून कमी रकमेत मिटवावं, या पेचात तो आहे. 'दिडक्यांत कर्ज मिटवू' म्हणणाऱ्या जाहिराती आधी बाजूला ठेवा. दोन्हीसाठी राहिलेली सगळी रिटर्न्स आधी भरावीच लागतात.

खर्च बघा. हप्त्यांत कर पूर्ण जातो, व्याजही चालूच. मात्र रिटर्न वेळेवर भरलेलं असेल तर थकबाकीचा दंड महिन्याला ०.५ वरून ०.२५ टक्क्यावर येतो. तडजोडीची फी २०५ डॉलर. एकरकमी प्रस्तावासोबत त्याची २० टक्के रक्कमही आधीच द्यायची. नकार आला तरी ती परत मिळत नाही, थकबाकीत वळती होते.

खरा फरक कष्टांत आहे. दंड-व्याजासह ५०,००० डॉलरपर्यंतचे हप्ते ऑनलाइन ठरतात. तडजोडीत घर, गाडी, निवृत्तीचं खातं, अगदी पुण्यातला फ्लॅटसुद्धा दाखवावा लागतो, आणि त्याची किंमत तुमच्या ऐपतीत धरली जाते. आपल्या लोकांचं गणित बहुधा इथेच चुकतं. शिवाय अर्ज पडून असताना वसुलीची १० वर्षांची मुदत थांबते. मंजुरीनंतर ५ वर्षं रिटर्न वा कर चुकवला, तर जुनं देणं पुन्हा मानगुटीवर.

पगार नियमित असेल, नावावर मालमत्ता असेल, तर हप्तेच घ्या. नोकरी गेलीय, आजारपण आहे, विकण्याजोगं काही नाही, अशांनी तडजोडीचा अर्ज जरूर करावा.