भरून मिळणारा ‘हाऊस-इलेक्ट्रो’ पेन ड्राइव्ह: काय ठेवायचं, काय पुसायचं

सोलापुरात नवी पेठेच्या बाजूला मोबाइलच्या दुकानांत गाणी भरलेला पेन ड्राइव्ह मिळतो. भक्तिगीतं, जुनी हिंदी, डॉल्बी मिक्स आणि सोबत ‘हाऊस-इलेक्ट्रो’ नावाचा, म्हणजे परदेशी इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचा, एक फोल्डर. हळदीला, वरातीला, हॉटेलच्या गच्चीवरच्या पार्टीला वाजवणारी पोरं तो घेतात, कारण एका फेरीत काम उरकतं. असाच एक ३२ जीबीचा ड्राइव्ह आधी लॅपटॉप आणि हेडफोनवर, मग दोन टॉप (वरच्या पट्टीचे स्पीकर) आणि दोन बेस बॉक्सच्या सेटवर तपासला. दुकानाचं नाव घेत नाही. गाण्यांची निवड ज्याने केली त्याचा कान चांगला आहे. फाइली मात्र बहुतेक बाद आहेत.

आधी फाइलींचंच बोलू. प्रत्येक फाइलवर ३२० केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, ते माप; जास्त तेवढा आवाज चांगला) लिहिलंय आणि आकारही तसाच आहे, म्हणजे मिनिटाला २.४ एमबी. सहा मिनिटांचा ट्रॅक साधारण साडेचौदा एमबी. इथेच फसगत होते. १२८ केबीपीएसची फाइल ३२० वर नुसती पुन्हा सेव्ह केली तरी आकार वाढतो, पण गेलेला आवाज परत येत नाही. ओळखायला स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. फाइल त्यात ओढून टाकली की आलेख दिसतो. खऱ्या ३२०च्या फाइलीत रंग २० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत चढतात. या ड्राइव्हवरच्या बऱ्याच फाइलींत १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आहे. म्हणजे माल व्हिडिओवरून उतरवलेला किंवा मुळात १२८चा.

कानाला हे कुठे कळतं? ‘म्युझिक साऊंड्स बेटर विथ यू’ लावा. स्टारडस्ट या फ्रेंच त्रिकुटाचा १९९८ चा ट्रॅक, चाका खानच्या ‘फेट’ या गाण्यातला गिटारचा तुकडा घेऊन बांधलेला. सगळी मजा फिल्टरची आहे: आवाज आधी रजईखालून आल्यासारखा दबका, मग हळूहळू वरची पट्टी उघडत जाते आणि शेवटी हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या झांजा, मोकळी होते. कापलेल्या फाइलीत ती मोकळी होतच नाही. ‘त्स-त्स’ऐवजी ‘श्श-श्श’ अशी ओली सळसळ येते, आणि टॉपचा आवाज वाढवला तर तीच आधी कानाला टोचते. ऑपरेटर मग मिक्सरवर ट्रेबल कमी करतो आणि गाणं पुन्हा रजईखाली जातं. दोष स्पीकरचा समजला जातो. तो फाइलीचा असतो.

दुसरी गोची व्हर्जनची. फोल्डरमधले बहुतेक ट्रॅक रेडिओ एडिट आहेत, म्हणजे रेडिओसाठी कापलेले, तीन-साडेतीन मिनिटांचे. घरी ऐकायला चालतात, एकातून दुसऱ्यात जायला नाही. हाऊसमध्ये चारही मात्रांवर किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, पडते. लेझीमच्या सरावात हलगी जशी सगळ्यांचे पाय धरून ठेवते, तसं ते काम आहे. एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना दोन्हींची नुसती किक काही वेळ एकावर एक बसावी लागते आणि त्यासाठी सुरुवातीला-शेवटी मोकळा ताल हवा. हिशोब साधा आहे: १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ मात्रा) चार मात्रांचं एक आवर्तन १.८७५ सेकंदांचं, १६ आवर्तनं म्हणजे ३० सेकंद आणि ३२ म्हणजे बरोबर एक मिनिट. एक्स्टेंडेड मिक्समध्ये, म्हणजे डीजेंसाठीच्या लांब रूपात, ही जागा ठेवलेली असते. रेडिओ एडिटमध्ये काही सेकंदांतच गायिका सुरू होते, मग दोन गाणी एकमेकांवर आदळतात. म्हणून नावात ‘एक्स्टेंडेड’, ‘क्लब मिक्स’ किंवा ‘ट्वेल्व्ह इंच’ आहे का ते बघून घ्यायचं.

आता निवडीबद्दल, कारण तिथे खरंच दाद द्यावीशी वाटते. निवडणाऱ्याला रीमिक्स कळतो. ‘मिसिंग’ घ्या. एव्हरीथिंग बट द गर्ल या इंग्लिश जोडीचं १९९४ चं मूळ गाणं शांत, गिटारवरचं. न्यूयॉर्कच्या टॉड टेरीने त्याखाली हाऊसचा ठोका ठेवला आणि १९९५ मध्ये गाणं जगभर गाजलं. गायिकेचा उदास सूर त्याने तसाच ठेवलाय, घाई केलेली नाही, आणि नेमक्या त्यामुळे पाय हलत असताना घसा दाटून येतो. याच्या उलट टोकाला ‘प्रोफेशनल विडो’. टोरी अमोसच्या गाण्यातून आर्मंड व्हॅन हेल्डनने आवाजाचे जेमतेम दोन-तीन तुकडे उचलले आणि बाकी सगळा डोलारा नव्या बेसलाइनवर उभा केला. १९९७ च्या जानेवारीत तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. हा ट्रॅक चांगल्या बेस बॉक्सवर वाजवाच. बेस सतत गुरगुरत नाही, मध्येच थांबतो, आणि त्या थांबण्यात नाच आहे. बॉक्सचा पडदा सैल असेल तर थांबण्याच्या जागी आवाज घरंगळत राहतो. सेट भाड्याने घेण्याआधी तपासायला यापेक्षा चांगला ट्रॅक नाही.

‘वुई आर युवर फ्रेंड्स’ ड्राइव्हवर नुसत्या जस्टिस या फ्रेंच जोडीच्या नावाने आहे, ते अर्धवट आहे. मूळ गाणं सिमियन या बँडचं ‘नेव्हर बी अलोन’. जस्टिसने ते एका रीमिक्स स्पर्धेसाठी नव्याने बांधलं. नाव पूर्ण लिहा, नाहीतर शोधताना सापडत नाही. ‘शो मी लव्ह’ तर दोनदा आहे आणि दोन्हीकडे रेडिओ एडिटच. रॉबिन एसचं हे गाणं १९९० चं, पण आपण ओळखतो ते स्वीडनच्या स्टोनब्रिजने १९९२ मध्ये केलेलं रूप. कॉर्ग एम-वन या कीबोर्डमधला तयार ऑर्गनचा आवाज बेसलाइनला वापरलाय. त्या ऑर्गनला टणक टोक आहे, त्यामुळे नुसता खालचा हुंकार न राहता बेसची चाल छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरही कळते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये वाढदिवस असेल आणि मोठा सेट लावता येणार नसेल, तर पहिला ट्रॅक हाच.

डाफ्ट पंकच्या ‘अराउंड द वर्ल्ड’चं अल्बममधलं सात मिनिटांचं रूप ड्राइव्हवर आहे आणि ही फाइल खरी ३२०ची निघाली. ठेवा. फक्त हा ट्रॅक १२१ बीपीएमचा आहे आणि पुढचे बरेच १२८चे. तिथवर न्यायला वेग ५.८ टक्के वाढवावा लागतो. डीजे कंट्रोलरवर मास्टर टेम्पो किंवा की-लॉक (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारं बटण) बंद असेल तर सूर जवळजवळ एक पट्टी चढतो, पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं. ते बटण चालू करा, किंवा १२४चा एखादा ट्रॅक मध्ये घालून दोन पायऱ्यांत चढा. दुसरा मार्ग कानाला गोड.

‘इलेक्ट्रो’ या शब्दाचा मात्र या फोल्डरमध्ये पार गोंधळ आहे. मूळ इलेक्ट्रो म्हणजे आफ्रिका बम्बाटाचं १९८२ चं ‘प्लॅनेट रॉक’: रोलंड टीआर-८०८ या ताल-यंत्रावरचा तुटक ठोका, प्रत्येक मात्रेवर किक नाही. बेनी बेनासीचं २००२ चं ‘सॅटिस्फॅक्शन’ हे इलेक्ट्रो हाऊस: किक चारही मात्रांवर, वरती सिंथेसायझरचा करवतीसारखा आवाज, आणि किक पडली की तो दबतो, मग उसळतो. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये एकामागोमाग आले की नाचणारे अडखळतात. वेगळे फोल्डर करा. डेडमाऊसच्या २००९ च्या ‘स्ट्रोब’ची फक्त साडेतीन मिनिटांची काटछाट दिलीय, ती सरळ पुसावी. मूळ ट्रॅक दहा मिनिटांहून मोठा आहे. एकच चाल किकशिवाय मिनिटामिनिटाने भरत जाते. ती वाट बघणं काढून टाकलं तर उरतं काय?

एक उणीव मनाला लागते. मुंबईच्या चरणजित सिंग यांचा १९८२ चा ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ यात नाही. टीबी-३०३ हे बेस वाजवणारं यंत्र आणि टीआर-८०८ वापरून त्यांनी भूपाळी, यमन, मालकंस, तोडी असे दहा राग बांधले. याच टीबी-३०३ च्या आवाजाने ॲसिड हाऊस हा प्रकार रुजवणारा, शिकागोच्या फ्युचर या गटाचा ‘ॲसिड ट्रॅक्स’ आला १९८७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. २०१० मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला तेव्हा जगभरचे डीजे चकित झाले. ज्याच्या कानाला भूप ओळखीचा आहे, त्याच्यासाठी हाऊसमध्ये शिरायला याहून जवळचं दार नाही.

काही फाइलींच्या नावापुढे ‘बेस बूस्ट’ आहे. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून व्ह्यू मेनूतून ‘शो क्लिपिंग’ चालू केलं तर लालच लाल रेघा दिसतात, लाटांची डोकी सपाट झालेली. असा आवाज सतत दिला तर आधी टॉपचा ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, जळतो. बेस हवा असेल तर तो मिक्सरवरून द्या. काहींत दर अर्ध्या मिनिटाला कुणा डीजेचं नाव पुकारलं जातं, त्यांना इलाज नाही, पुसा. राहिलेल्या प्रत्येक फाइलीची मोनो चाचणी घ्या, कारण वरातीचा सेट बहुधा मोनोवरच, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, चालतो. ऑडॅसिटीत ट्रॅक्स, मिक्स, ‘मिक्स स्टीरिओ डाऊन टू मोनो’. यानंतर बेस अचानक पातळ झाला तर डाव्या-उजव्या बाजूचे आवाज एकमेकांना मारतायत. रस्त्यावर ती फाइल पोकळ वाजणार.

ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला आहे. लॅपटॉपवर दिसतो, पण जुने डीजे प्लेअर आणि गाडीतले बरेच स्टीरिओ तो वाचत नाहीत. फाइली काढून ठेवा, फॅट-३२ करा, परत भरा. ट्रॅकच्या नावात क्रमाने कलाकार, गाणं, मिक्स, बीपीएम लिहा. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरचा एक्स्पोर्ट मोड फुकट आहे. त्यातून भरला तर पायोनिअरच्या प्लेअरवर बीटग्रिड, म्हणजे मात्रांच्या खुणा, तयार मिळतो. नव्वदच्या दशकातले ट्रॅक हळू आवाजात आणि नवे मोठ्या आवाजात वाजतात, म्हणून मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलचा ट्रिम (आवाजाची पातळी ठरवणारं बटण) गाण्याच्या सगळ्यात भरलेल्या जागेवर लावा, लाल दिवा लागू देऊ नका. आणि एप्रिल-मेच्या दुपारी टेम्पोवर लॅपटॉप उन्हात ठेवू नका. तापला की तो मंदावतो, आवाज तडतडतो. सावली करा, डीजे सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर ५१२ सॅम्पलवर न्या.

या फोल्डरमधून ट्रॅक बनवणाऱ्यांना एक रुपयाही जात नाही, हेही लक्षात असू द्या. आवडलेले पाच-सहा तरी विकत घ्यावेत. बीटपोर्ट या ऑनलाइन दुकानात ट्रॅक सुटा मिळतो आणि एक्स्टेंडेड मिक्स सहज सापडतो. एमपीथ्री ३२०ची येते, वेव्हला (न दाबलेली, पूर्ण दर्जाची फाइल) जास्त पैसे पडतात. बँडकॅम्प या दुसऱ्या साइटवर एकदा घेतलं की फ्लॅक, वेव्ह, एमपीथ्री यांतलं हवं ते उतरवता येतं, वेगळे पैसे नाहीत. दोन्हीकडे कार्ड लागतं, आणि बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार आधी चालू करावा लागतो. बहुतेकांचं पेमेंट इथेच अडकतं. मर्यादा लहान ठेवा, खरेदी झाली की बंद करा. पहिल्या खरेदीत ‘मिसिंग’चा टॉड टेरी मिक्स आणि ‘शो मी लव्ह’चा लांब स्टोनब्रिज मिक्स घ्या. आधी नमुना ऐकून तोच मिक्स आहे ना ते तपासा, कारण या दोन्ही नावांखाली रीमिक्स बरेच आहेत.