पाळीचे डाग, थंड पाणी आणि एन्झाइमची पावडर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी पाळीचे डाग पडलेल्या निकर धुण्याची एकच पद्धत ठरवून पाळली जात आहे. आधी थंड पाणी, मग एन्झाइम (डागातील प्रथिने तोडणारा घटक) असलेली कपड्यांची पावडर आणि तरीही डाग उरलाच तर हायड्रोजन पेरॉक्साइड. एवढ्या महिन्यांनंतर माझे मत पक्के झाले आहे. ताजा डाग या पद्धतीने पूर्ण जातो, एक रात्र उलटलेला डाग बहुतेक वेळा जातो आणि एकदा गरम पाण्यातून निघालेला जुना डाग फिकट होतो, पण त्याची तपकिरी कड राहते. कोणती पावडर महाग आणि कोणती स्वस्त, यापेक्षा कोणती गोष्ट आधी केली आणि कोणती नंतर, यावर सगळे अवलंबून असते.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनामुळे येतो. तव्यावर पडताच अंड्याचा पांढरा भाग जसा घट्ट होतो, तसे हे प्रथिनही उष्णतेने गोठते आणि सुताच्या धाग्यांना धरून बसते. म्हणून पहिले पाणी थंडच हवे, हे आता बहुतेक जणींना ठाऊक असते. मात्र नळाचे पाणी थंडच असते असे आपण गृहीत धरतो आणि तिथे फसगत होते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते. त्या दिवसांत आम्ही रात्रीच मोरीत एक बादली भरून ठेवतो आणि सकाळी त्यातले पाणी वापरतो. घाई असेल तर माठातले दोन तांबे पुरतात. नळाच्या वाहत्या धारेखाली कपडा धरा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे तो परवडणारा नाही आणि त्याची गरजही नाही. लहान तसराळ्यात कपडा उलटा करून भिजवावा, अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि दुसऱ्या पाण्याला गुलाबी छटा आली नाही तर पुढे जावे.

निकरची रचना नीट पाहिली तर डाग कुठे अडतो ते कळते. मधली पट्टी दुहेरी सुती कापडाची असते आणि रक्त वरच्या थरातून झिरपून दोन्ही थरांच्या मध्ये आणि शिवणीच्या दोऱ्यात साठते. वरून कितीही घासले तरी आतला भाग तसाच राहतो आणि कपडा वाळला की तिथूनच पुन्हा फिकट तपकिरी सावली वर आल्यासारखी दिसते. त्यामुळे ब्रशने घासण्याऐवजी डागाच्या मागच्या बाजूने पाणी ओतून, दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबत दाबत ते पुढे काढणे मला सर्वांत उपयोगी वाटले. ब्रशने सुतावर लव उठते, होजियरीचे कापड विरते आणि काठाचे इलॅस्टिक लवकर सैल पडते. डाग मात्र शिवणीतच राहतो.

खरे काम पावडर करते, आणि या साऱ्या महिन्यांत मला सर्वाधिक समाधान तिनेच दिले. पाकिटावरील घटकांच्या यादीत एन्झाइम हा शब्द आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे. साध्या साबणाच्या वडीत आणि पुष्कळ स्वस्त पावडरींत तो नसतो. डाग काढणाऱ्या पावडरींमध्ये प्रोटीएज नावाचे एन्झाइम असते. ते रक्तातील प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे पाण्यात विरघळणारे लहान तुकडे करते. हे काम वेळ घेते, म्हणून पावडर टाकून लगेच चोळून धुतल्यास तिचा अर्धाही उपयोग होत नाही. थंड पाण्याचा टप्पा आटोपल्यावर आम्ही कोमट पाण्यात, म्हणजे हात सुखाने बुडेल इतक्याच पाण्यात, पावडर विरघळवून कपडा एक-दोन तास ठेवतो. जुना डाग असेल तर रात्रभर. साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमानाला हे एन्झाइम चांगले चालते आणि फार गरम पाण्यात ते स्वतःच निकामी होते, त्यामुळे गीझरचे कडकडीत पाणी इथेही नको. बोअरचे जड पाणी असेल तर फेस कमी येतो आणि पावडर जास्त लागते, म्हणून भिजवण्यापुरते तरी नगरपालिकेचे साठवलेले पाणी घ्यावे. रेशीम आणि लोकर ही मुळात प्रथिनेच असल्याने रेशमी कपड्यावर ही पावडर अजिबात वापरू नये. ती डागाबरोबर कपडाही खाते.

यंत्रात कपडे धुणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पुढून उघडणाऱ्या यंत्रांत सुती कपड्यांसाठी बहुधा ४० अंश किंवा त्याहून अधिक तापमान आधीच ठरवलेले असते. डाग थंड पाण्यात भिजवून न काढता कपडा थेट त्यात टाकला, तर यंत्र डाग पक्का करून देते. आधी हाताने विसळावे, मग यंत्रात टाकावे.

हायड्रोजन पेरॉक्साइड हा आमचा शेवटचा उपाय आहे आणि तो तसाच राहावा, असे मला वाटते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा २० व्हॉल्यूम असे लिहिलेले असते, म्हणजे साधारण ६ टक्के द्रावण. त्यात तेवढेच पाणी मिसळले की कपड्याला पुरेसे असे ३ टक्क्यांचे द्रावण तयार होते. ओल्या डागावर काही थेंब टाकताच पांढरा फेस उसळतो. रक्तातील कॅटलेज हे एन्झाइम पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे विघटन करते, त्याचा हा फेस. फेस सर्वांत जास्त शिवणीच्या ओळीवर येतो, म्हणजे रक्त कुठे अडकले होते तेही तिथेच दिसते. पाच ते दहा मिनिटांनी कपडा विसळावा आणि डाग उरला असेल तर एकदा पुन्हा करावे. हातमोजे घालावेत, खोलीत वारा खेळता असावा आणि द्रावण डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. पांढऱ्या सुती निकरवर परिणाम उत्तम आहे. गडद रंगाच्या कपड्यावर मात्र आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून रंग उडतो का ते पाहावे. माझ्याकडच्या गर्द निळ्या कपड्यांचा रंग तेवढ्या जागेपुरता उतरला. दर महिन्याला त्याच त्या ठिकाणी वापरल्याने एक-दोन कपडे त्या जागी विरळ झालेलेही जाणवले, म्हणून एन्झाइमने काम भागत असेल तर बाटली उघडू नये. ज्यांना हे द्रावण नको, त्यांच्यासाठी व्हॅनिशसारखी ऑक्सिजन सोडणारी पावडर आहे. तिच्यातील सोडियम परकार्बोनेट पाण्यात गेल्यावर पेरॉक्साइडच देते, फक्त सावकाश.

घरातल्या मोठ्यांनी सुचवलेले इतर उपायही आम्ही करून पाहिले. सासूबाई मिठाच्या पाण्याचा आग्रह धरतात; ताज्या डागाला त्याने अपाय होत नाही, पण साध्या थंड पाण्याहून फारसा फरक मला दिसला नाही. खाण्याच्या सोड्याने वास कमी होतो. टूथपेस्टने काहीच होत नाही, उलट ती शिवणीत घट्ट बसते आणि ती काढणे हेच वेगळे काम होते. क्लोरीनच्या ब्लीचबद्दल मात्र मी स्पष्टपणे नको म्हणेन. त्याने इलॅस्टिक कुजते आणि पांढऱ्या सुतावर पिवळट झाक येऊ शकते, आणि टॉयलेट साफ करण्याच्या आम्लाशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू तयार होतो.

काळ्या निकरच्या मधल्या पट्टीवर दिसणारे फिकट, नारिंगी चट्टे रक्ताचे डाग नसतात, हेही आवर्जून लिहिते. योनीतील स्राव नैसर्गिकरीत्या आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्लतेचे माप; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि तो कापडाचा रंग फिकट करतो. त्या चट्ट्यांवर पावडर चोळून कपडा खराब करू नये. ते निरोगीपणाचेच लक्षण आहे. माझ्या मुलीला हे कळले तेव्हा तिची बरीच घालमेल थांबली.

शेवटचा भाग विसळण्याचा आणि वाळवण्याचा. अंगाला चिकटून राहणारा हा कपडा असल्याने पावडरीचा अंश राहिला तर त्वचेला खाज येते, म्हणून तीन पाण्यांतून काढून तो बाहेर दोरीवर, उन्हात आणि वाऱ्यात वाळवावा. साडीखाली किंवा टॉवेलखाली लपवून वाळवलेला कपडा बराच वेळ ओलसर राहतो आणि त्यात वास व बुरशी धरते. पाळीचा कपडा इतर कपड्यांसारखाच उघड्यावर वाळत घालण्यात लाजण्यासारखे काही नाही, असे आम्ही घरात ठरवून टाकले आहे. मात्र डाग पूर्ण गेल्याशिवाय कडक उन्हात घालू नये, कारण वाळलेला डाग ओल्या डागापेक्षा कितीतरी हट्टी होतो.

पेरॉक्साइडची बाटली गडद रंगाची असते ती उजेडाने द्रावण निकामी होऊ नये म्हणून. ती अंधाऱ्या, थंड जागी आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. उघडल्यानंतर काही महिन्यांनी ताज्या डागावर फेस येईनासा झाला, तर द्रावण गेले असे समजून नवी बाटली आणावी, आणि ती लहानच आणावी.