आबांची सिल्ली गेली, कडप्पा आला

माझ्या आजोबांचं नागपूरच्या महाल भागात सलून होतं. त्याआधी ते कामठीच्या छावणीत दाढ्या करायला जात. लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या कोण्या गोऱ्या साहेबानं त्यांना वस्तरा पाजवायचा दगड दिला, अशी घरातली गोष्ट. खरी की खोटी हे सांगायला आता कोणी उरलं नाही. दगड मात्र खरा होता. वीतभर लांब, दोन इंच रुंद, वरचा थर सायीसारखा पिवळसर आणि खालचा जांभळट. आबा त्याला सिल्ली म्हणत. दोन थेंब पाणी टाकून घासली की वर दुधासारखा पातळ लगदा यायचा.

आबांनंतर सिल्ली काकाकडे गेली आणि बदलायच्या ब्लेडचे वस्तरे आल्यावर माळ्यावर. मधल्या काळात काकानं तिच्यावर मशीनचं तेलही वापरलं होतं. माझ्या वाट्याला आली तेव्हा ती काळीकुट्ट, मधोमध खोलगट आणि एका कोपऱ्याचा शेंगदाण्याएवढा टवका उडालेली अशी होती. कोणी नीट करून देईल का, म्हणून मी जुन्या हत्यारांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला.

तासाभरात एकाचा फोन आला. जुने दगड ‘रिस्टोअर’ करतो म्हणाला. बोलणं गोड, शब्दाशब्दाला सर. “सर, कडेचा आणि खालच्या बाजूचा पण फोटो टाका ना.” टाकले. मग म्हणाला, हा साधा कार्बोरंडम आहे, फॅक्टरीत बनलेला. एका बाजूनं भरड, एका बाजूनं बारीक, म्हणून दोन रंग. दोनशे रुपयांचा माल, पण आजोबांची आठवण आहे तर करून देऊ. दोनशे रुपयांच्या मालाची खालची बाजू इतक्या निरखून का पाहायची होती, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

हे दोन थरांचं खोटं फार हुशारीचं होतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कारखान्यात केलेले दुहेरी दगड असतातच. कार्बोरंडम 1890च्या दशकापासून भट्टीत बनतं आणि भरड-बारीक असे दोन थर जोडून विकलंही जातं. पण त्यात दोन्ही बाजूंचा कण बोटाला लागतो आणि जोड पट्टीनं आखल्यासारखा सरळ असतो. आमच्या सिल्लीचा जोड वाकडातिकडा होता, एका टोकाला जांभळा रंग पिवळ्यात चढलेला. म्हणजे तो जोड कोणी केलेला नव्हता, खडकच तसा होता. (उलट बाजूही सांगायला हवी. आमच्या सिल्लीच्या जातीच्या बऱ्याच अस्सल दगडांना पातळपणामुळे मागून पाटीचा दगड चिकटवतात. तेव्हा सरळ जोड दिसला म्हणून लगेच नकली समजू नका.)

सीताबर्डीवर चहाच्या टपरीपाशी भेटलो. तेल आत मुरलंय, दगड ‘सडलाय’, हीट देऊन केमिकलनं तेल काढावं लागेल, मग मशीनवर लेव्हल. अठराशे रुपये, हजार आधी. मी दगड दिला. वजन केलं नाही, माप घेतलं नाही, पावती मागितली नाही. माणूस इतकं तांत्रिक बोलतोय म्हटल्यावर पावती मागायची लाज वाटली, हे खरं कारण.

चार दिवसांचे अकरा झाले. दगड परत आला तो वर्तमानपत्रात गुंडाळून, पिवळाधम्मक, आरशासारखा सपाट. मी इतका खूश की वर दोनशे रुपये बक्षीस दिले. हे लिहिताना कान गरम होताहेत.

संध्याकाळी काकाला दाखवला. काकानं चष्माही लावला नाही. वस्तरा दोनदा फिरवला, कर्र कर्र झालं. “हा आपला नोहे, राजा. आपला आवाज नोता करत.”

मग मी बादलीत टाकला. पाच मिनिटं बुडबुडे निघत होते. आबांच्या सिल्लीवर पाणी टाकलं तर तसंच उभं राहायचं. ज्या दगडात पाणी शिरत नाही त्यात तेल मुरून तो सडेल कसा? कोपऱ्याचा टवकाही गायब होता. फोन केला तर म्हणे, “लेव्हल करताना घासला गेला, सर.” शेंगदाण्याएवढा खड्डा घासून काढला आणि जाडी होती तेवढीच? खालच्या काळ्या थरावर बाथरूमच्या ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसला. म्हणजे चुनखडी. आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याचा कडप्पा! त्यावर बाजारातला कृत्रिम पिवळा दगड चिकटवून माझ्या हातात दिला होता. तिसऱ्या फोननंतर नंबर बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं दगड उलटापालटा पाहिला. “काहून जी, दगडासाठी आले?” अर्ज घेतला, पण बिल विचारलं, वजन विचारलं, किंमत विचारली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे आणि विश्वासानं दिलेल्या वस्तूच्या अपहाराला 316, हे मी वाचून गेलो होतो. पण आधी कोणता दगड दिला होता हे दाखवायला माझ्याकडे फक्त चार फोटो होते. टवका आणि वाकडा जोड दिसणारे, त्याच्याच सांगण्यावरून काढलेले.

तेच फोटो भूगर्भशास्त्र शिकवलेल्या एका मित्राला दाखवले. फोटोवरून शपथ घेणार नाही म्हणाला, पण लक्षणं कोटिक्यूलची. बेल्जियमच्या आर्देन भागात निघणारा, वस्तऱ्यासाठी जगभर गाजलेला दगड. त्यात स्पेसार्टाइनचे, म्हणजे मँगनीज असलेल्या गार्नेट या खनिजाचे, डोळ्याला न दिसणारे कण असतात, तेच पोलाद कापतात. नव्या मोठ्या तुकड्याला काहीशे युरो पडतात. “हाच गार्नेट आपल्या मनसर-कांद्रीकडच्या मँगनीजच्या खाणींत पायाखाली असतो,” तो म्हणाला. “तो ज्या खडकात असतो त्याला फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं गोंडांवरून गोंडाइट नाव दिलं.” मला हसावं की रडावं कळेना.

आणि ज्या कामासाठी मी दगड घराबाहेर दिला ते काम किती होतं? भांड्यांच्या साबणानं आणि ब्रशनं तेल काढायचं. जाड काचेवर 120 नंबरचा वॉटर पेपर पसरायचा, दगडावर पेन्सिलीनं चौकडी आखायची आणि रेघा सगळीकडून पुसल्या जाईपर्यंत पाणी टाकत घासायचं. मग 220, मग 400. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जाते. हीट तर अजिबात देऊ नका, नैसर्गिक दगड तडकतो. खर्च कागदाचा, आणि एक रविवार.

दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या शिलाईच्या डब्यातून एक पिवळा तुकडा निघाला, सुपारीच्या डबीएवढा. सिल्लीवर लगदा काढायला आबा तो वापरत, आणि आई इतकी वर्षं त्यावर कात्री घासत होती. इतवारीत सराफाच्या काट्यावर वजन केलं, 41.6 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून, काटा शून्यावर आणून, तुकडा दोऱ्यानं पाण्यात लोंबता धरला, तळाला न टेकवता. काटा 13 ग्रॅमवर थांबला, म्हणजे तुकड्याएवढ्या पाण्याचं वजन. भागाकार 3.2, म्हणजे पाण्याच्या 3.2 पट जड. साधी गारगोटी 2.65 भरते. गार्नेटशिवाय एवढं जड नाही, असं मित्राचं म्हणणं.

घरी येऊन तो तुकडा ओला करून आबांच्या वस्तऱ्यावर फिरवला. दुधासारखा लगदा आला. आवाज नाही. आईनं विचारलं, “झालं असेल तर दे इकडे, ब्लाऊज बेतायचाय.”