टोक्योतली सरकारी ज्युनियर हाय: सातवीतल्या मुलीच्या आईकडून

टोक्योतल्या निशी-कासाई भागात गणपतीला चार मराठी घरं भेटली, की सहावीतल्या मुलांच्या आया एकच विचारतात: पुढे इंडियन स्कूल की जपानी? आमची लेक एप्रिलपासून वॉर्डाच्या सरकारी ज्युनियर हायस्कूलला जाते. तिथलं पहिलं वर्ष म्हणजे आपली सातवी. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. शाळेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत.

आधी पैशांचं. फी नाही, पाठ्यपुस्तकं फुकट, टॅबलेट शाळेचा, दुपारचं जेवणही आता मोफत. परदेशी मुलांना इथे शाळेची सक्ती नाही, पण वॉर्ड ऑफिसात अर्ज केला की जपानी मुलांसारखाच प्रवेश मिळतो. खर्च होतो तो युनिफॉर्मवर. ब्लेझर, स्कर्ट किंवा पँट, नाव शिवलेला पीटीचा ट्रॅकसूट, शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट, हे सगळं ठरलेल्या दुकानातून घ्यायचं. बिल बघून नवऱ्याने तिथेच मोबाइलवर येनचे रुपये करून पाहिले. करू नका, जीव घाबरा होतो. आणि एक माप मोठंच घ्या. तीन वर्षं चालवायचं असतं.

सकाळी सव्वाआठच्या आत वर्गात हजर. शाळा चालत जाण्याइतकी जवळ, सोडायला कोणी जात नाही. रिक्षावाले काका नाहीत, व्हॅन नाही. गेल्यावर बूट बदलायचे, दहा मिनिटं गप्प बसून आपापलं गोष्टीचं पुस्तक वाचायचं, मग वर्गशिक्षकांची हजेरी. प्राथमिकला तास ४५ मिनिटांचा होता, इथे ५० चा. आठवड्याला २९ तास, म्हणजे एक दिवस सोडला तर रोज सहा. प्राथमिकला बहुतेक विषय एकच बाई शिकवायच्या, आता दर तासाला नवे सर किंवा मॅडम. आपल्याकडे पाचवीत हायस्कूलला गेल्यावर मुलं जशी बावरतात, तशी इथली मुलं सातवीत बावरतात. गणित पुण्याच्या मानाने संथ चालतं. इंग्रजीच्या तासाला आमची लेक निवांत असते. जपानी आणि समाजशास्त्र मात्र कांजींमुळे, म्हणजे जपानी लिपीतल्या चित्राक्षरांमुळे, घाम काढतात.

आता जेवण. या शाळेला मी सगळ्यात जास्त गुण देईन ते या पाऊण तासासाठी. कॅन्टीन नाही, वाढपी नाही. वाढायची पाळी असलेली मुलं पांढरा झगा आणि टोपी घालून पातेली वर्गात आणतात, सगळ्यांना सारखं वाढतात, आणि सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय कोणी घास घेत नाही. उरलेल्या पदार्थासाठी हाताने दगड-कागद-कात्री खेळून निकाल लावतात. सोबत प्रत्येकाला २०० मिलिलिटर दूध. वाढायची पाळी संपली की शुक्रवारी झगा घरी येतो. तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, कारण तोच पुढच्या मुलाला घालायचा असतो. नंतर वर्ग, जिने, संडास मुलंच झाडतात, पुसतात. घरी याचा काडीचा उपयोग झालेला नाही, याचीही नोंद असू द्या.

पण आम्ही शाकाहारी. इथे भाजीच्या सूपलाही माशाचा अर्क असतो आणि आमच्या शाळेत वेगळं शाकाहारी ताट मिळत नाही. ॲलर्जीचा दाखला असेल तर व्यवस्था आहे, 'आम्ही खात नाही' याला रकाना नाही. दोन बैठका झाल्यावर डब्याची परवानगी मिळाली. पराठा, लिंबूभात, चीज सँडविच, जे काय असेल ते गारच खायचं. मासे-चिकन चालणाऱ्या घरांना हा प्रश्नच येणार नाही.

साडेतीननंतर बुकात्सु, म्हणजे क्लब. सक्ती नाही, पण जवळपास सगळा वर्ग कशात ना कशात असतो. एप्रिलमध्ये चार ठिकाणी डोकावून बघू देतात. लेकीने बँड घेतला. क्लॅरिनेट शाळेचंच. सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे आठवड्यात निदान दोन दिवस सुट्टी आणि शाळेच्या दिवशी साधारण दोन तासच सराव हवा. एरवी पाळतात, स्पर्धा जवळ आली की शनिवार-रविवार दोन्ही जातात. उन्हाळ्यात घरी यायला सव्वासहा, मग जेवण, गृहपाठ, झोप. मराठी वाचायला वेळ उरत नाही. तिचं मराठी वाचन याच वर्षी मागे पडलंय, आणि ही किंमत मला फीपेक्षा जड वाटते.

दप्तराचं म्हणाल तर पुस्तकं शाळेतच ठेवू द्या, असं शिक्षण मंत्रालयाने २०१८ मध्येच कळवलंय. आमच्याकडे कोणती ठेवायची ते दर शिक्षकांचं वेगळं, त्यामुळे पोरगी सगळीच पाठीवर घेऊन फिरते. पालकांना येणारे कागद अजूनही घट्ट कांजींनी भरलेले. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करावं तर 'पाण्याची बाटली आणा' कळतं, कोणत्या तारखेला ते कळत नाही.

गुणांचा एक हिशोब मात्र पहिल्या वर्षीच समजून घ्या. टोक्योच्या सरकारी हायस्कूलच्या प्रवेशात ज्युनियर हायच्या शेवटच्या वर्षाच्या नऊ विषयांची श्रेणी धरतात, प्रत्येकी पाचापैकी. लेखी परीक्षेचे पाच विषय एकपट, पण संगीत, चित्रकला, पीटी आणि कार्यानुभवासारखा विषय दुप्पट. एकूण ६५. 'चित्रकलेला काय महत्त्व' हे आपलं घरातलं वाक्य इथे महागात पडतं. वही वेळेवर दिली का, हेसुद्धा श्रेणीत उतरतं.

माझे पाचपैकी साडेतीन तारे. मूल इथेच पहिलीपासून शिकलं असेल आणि तुम्ही राहणार असाल, तर डोळे झाकून घाला. दोन वर्षांत परतायचं असेल तर इंडियन स्कूलची फी भरलेली बरी. आणि पुण्याहून थेट सातवीत आणणार असाल, तर जपानी शिकवणाऱ्या मदतनीसाची चौकशी प्रवेशाच्या अर्जाबरोबरच करा. उशिरा मागितलात तर मदतनीस यायच्या आत मेअखेरची पहिली परीक्षा होऊन गेलेली असेल.